कंपनीचा की लोकल? फिल्टर बदलताना कळलेल्या आठ गोष्टी

सोलापुरात दोन शेजारणी भेटल्या की तब्येतीच्या आधी पाण्याची चौकशी होते. 'तुमच्याकडं कधी सुटलं होतं?' गेली कैक वर्षं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. कधी उजनीच्या जलवाहिनीचं, कधी टाकळीहून उपसलेलं भीमेचं, कुठं हिप्परग्याच्या तलावाचं. ते हौदात उतरतं, हौदातून गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि पुढचं पाणी येईपर्यंत तिथंच मुक्काम करतं. वापरायला पुरलं नाही तर बोअर आहेच. म्हणून जुळे सोलापूर असो की होटगी रोड, ओट्यावर आरओचं मशीन दिसतंच.

मशीन एकदाच घ्यावं लागतं, फिल्टर मात्र जन्मभर. कंपनीचा माणूस वर्षाच्या कराराचे काही हजार सांगतो. नवी पेठेतला दुकानदार तोच संच तिसऱ्या हिश्शात काढून देतो आणि वर म्हणतो, "काकू, माल तोच आहे की, नुसतं स्टिकर वेगळं." त्याचं म्हणणं काही फिल्टरांना लागू पडतं, काहींना नाही. कुठं पडतं आणि कुठं नाही, ते निवृत्तीनंतर हिशेबाच्या वहीत टिपत गेले. त्यातलं हे सार.

१. आधी पाणी मोजा, मग दुकानात जा

पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांचं माप म्हणजे टीडीएस. ते दाखवणारं पेनासारखं मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, ही मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. आमच्या नळाचं पाणी बहुतेक वेळा पाचशेच्या आत असतं, बोअरचं हजाराच्या पुढं जातं. हा फरक कळला की अर्धा खर्च तिथंच ठरतो. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये, जिथं टीडीएस पाचशेच्या आत आहे तिथं आरओवर बंदी घाला, असं सरकारला सांगितलं होतं. तुमच्याकडं बारा महिने फक्त नळाचंच पाणी येत असेल, तर गाळाचा फिल्टर, कार्बन आणि यूव्ही एवढ्यावर भागू शकतं. मग आरओचा मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदा, स्वस्त घ्यावा की महाग, हा प्रश्नच उरत नाही.

२. गाळाच्या फिल्टरला नावाची गरज नाही

मशीनच्या बाहेर पारदर्शक बाउलमध्ये बसतो तो पांढरा स्पन. पाच मायक्रॉनच्या जाळीत माती, गंज, शेवाळ अडवणं एवढंच त्याचं काम. पावसाळ्यात भीमा गढूळ होते आणि हा बिचारा बघता बघता चहाच्या रंगाचा होतो. इथं लोकल माल बिनधास्त घ्यावा. त्याचं चांगलं-वाईट डोळ्यांना दिसतं. काढलेला स्पन सुरीनं आडवा कापून बघा. बाहेर गडद आणि आत गाभ्याकडं पांढरा होत गेला असेल तर त्यानं काम केलं. गाभ्यापर्यंत एकसारखा तपकिरी असेल तर एक तर माल हलका आहे किंवा बदलायला उशीर झाला. पन्नास-शंभर रुपयांचा स्पन वेळेवर बदलला की पुढच्या महागड्या फिल्टरांचं आयुष्य वाढतं. मी तीन-चार एकदम आणून ठेवते.

३. कार्बन हा राखणदार आहे, हलका घेऊ नका

कार्बन फक्त वास घालवतो, अशी समजूत आहे. वास तो घालवतोच. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा वजा साठ टक्क्यांच्या घरात गेला होता. धरणाचं पाणी असं तळाला गेलं की नळाच्या पाण्याला येणारा तो शेवाळी वास सोलापूरकरांना वेगळा सांगायला नको. पण त्याचं मोठं काम दुसरंच आहे. महापालिका पाण्यात क्लोरिन घालते आणि ते घालायलाच हवं. आरओच्या मेम्ब्रेनचा पातळ पापुद्रा मात्र क्लोरिननं खराब होतो. क्लोरिन मेम्ब्रेनपर्यंत पोचू न देणं हे कार्बनचं काम. म्हणजे शंभर रुपये वाचवायला नेलेला पोकळ कार्बन हजारांचा मेम्ब्रेन खातो.

लोकलमध्येही चांगला कार्बन मिळतो, पण निवडून घ्यावा लागतो. दोन कंपन्यांचे एकाच मापाचे फिल्टर दोन्ही हातांत धरा, जड असेल तो घ्या. नारळाच्या करवंटीचा कोळसा आहे का, ते विचारा. बसवल्यावर पहिलं काळसर पाणी सोडून द्या. आणि घरी तपासायचं असेल तर ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक करतात ती ओटी टेस्ट आहे. क्लोरिन असेल तर थेंब टाकताच पाणी पिवळं होतं. नळाच्या ताज्या पाण्यात पिवळेपणा आणि कार्बननंतरच्या पाण्यात काहीच नाही, म्हणजे राखणदार जागा आहे.

४. मेम्ब्रेनला आणि यूव्हीला घासाघीस नको

मेम्ब्रेनची छिद्रं डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळं त्याचा बिघाडही दिसत नाही. दुकानात पाचशे-सहाशेचे मेम्ब्रेन ढिगानं असतात आणि बसवल्या दिवशी ते झकास आकडा दाखवतात. खरी परीक्षा तीन-चार महिन्यांनी. हजार टीडीएसचं पाणी आत गेलं आणि शंभरच्या आत बाहेर आलं तर मेम्ब्रेन ठणठणीत. दोनशे-अडीचशे आलं तर त्याची सद्दी संपली. हे मोजताना एक खबरदारी घ्या. मशीनमधला टीडीएस अॅडजस्टर थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळत असतो. तो पूर्ण बंद करून मोजा, नाही तर आकडा खोटा येतो.

यूव्हीच्या दिव्याचंही तसंच. निळा उजेड दिसतो म्हणून आपण निर्धास्त असतो, पण साधारण वर्षभरात जंतू मारणाऱ्या किरणांचा जोर कमी होतो, उजेड मात्र तसाच राहतो. मेम्ब्रेन आणि दिवा या दोन गोष्टी मी नावाजलेल्या, पक्कं बिल देणाऱ्या दुकानातून घेते. मशीन वॉरंटीत असेल तोवर तर सगळेच फिल्टर कंपनीचे. बाहेरचा एक भाग सापडला की वॉरंटी नाकारायला कंपनीला निमित्त मिळतं.

५. गोड लागणारं पाणी शुद्धच असतं असं नाही

टीडीएस मीटर क्षार सांगतं. जंतू सांगत नाही, क्लोरिन सांगत नाही, कीटकनाशकं सांगत नाही. उजनीत पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेच्या खोऱ्यातून येतं, हे आता शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. म्हणून मीटरवर पन्नास आलं की मान डोलावणाऱ्या मेकॅनिकवर विसंबू नये. शंका आली तर पाण्याचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत द्यावा. जंतुतपासणीसाठी बाटली निर्जंतुक लागते, ती प्रयोगशाळेतूनच मागून घ्यावी. घरची कोल्ड्रिंकची बाटली चालत नाही.

६. फ्रिजमधला फिल्टर वेगळ्या कामाचा

आता सोलापुरातही दोन दारांचे, दारातून गार पाणी देणारे फ्रिज येऊ लागलेत. घेण्याआधी विचारा, पाणी हातानं भरायचं की नळी जोडायची? हातानं भरायची टाकी असेल तर आरओचंच पाणी भरा आणि टाकी आठवड्याला धुवा, वेगळ्या फिल्टरची फारशी गरज नाही. नळी जोडायची असेल तर आत कार्बनचं काडतूस असतं. ते चव, वास, क्लोरिन बघतं, क्षारांना हात लावत नाही. बोअरचं जड पाणी त्यातून गेलं तरी जडच राहतं, मग काडतूस मूळ कंपनीचं असो की स्वस्तातलं.

अमेरिकेत घरोघर असे फ्रिज आहेत. तिथल्या माझ्या भाचीला दर सहा महिन्यांनी पन्नास डॉलरचं काडतूस बदलावं लागतं, आणि ऑनलाइन त्याच मापाची पंधरा डॉलरची रांग लागलेली असते. काही फ्रिजांत तर चिप असते, बाहेरचं काडतूस घातलं की फ्रिज पाणीच देत नाही. बनावट काडतुसं तिथल्या कस्टम खात्यानं जप्तही केली आहेत. भाचीनं नियम केलाय तो आपल्याही कामाचा. खोक्यावर 'मानकानुसार' एवढंच लिहिलेलं असेल तर ते विक्रेत्याचं म्हणणं, प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या यादीत ते मॉडेल सापडलं तरच खरं. तिथं एनएसएफ ४२ म्हणजे चव आणि क्लोरिन, ५३ म्हणजे शिशासारखे आरोग्याला घातक घटक. फक्त ४२ असलेलं काडतूस स्वस्त असणारच, कारण ते कामही कमीच करतं.

७. मजुरी देताना हात आखडू नका

लोकल फिल्टर वाईट म्हणून गाजतात, त्यातले निम्मे खरं तर वाईट बसवलेले असतात. पाव इंची नळी वाकडी कापली की कनेक्टर गळतो आणि रात्रीतून ओटा भिजतो. मेम्ब्रेन मोठ्या क्षमतेचा घातला आणि एफआर जुनाच ठेवला, की क्षार आत साचून मेम्ब्रेन चोंदतो. एफआर म्हणजे सांडपाण्याच्या नळीवरचा तो बारका प्रवाहरोधक. किंमत किरकोळ, पण मेम्ब्रेनशी जोडी जुळायला हवी. नवा मेम्ब्रेन बसवल्यावर पहिली टाकी भरून ओतून देणारा मेकॅनिक चांगला समजावा. मेम्ब्रेनला टिकवण्यासाठी लावलेलं रसायन त्या पाण्याबरोबर निघून जातं. "पाणी वाया जातंय" म्हणून त्याला अडवू नका.

वाया जाण्यावरून आठवलं. साध्या मशीनमध्ये एक पेला गाळला जाताना तीन पेले मोरीत जातात. चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हे परवडणारं नाही. आम्ही सांडपाण्याची नळी पिंपात सोडली आहे. त्यावर फरशी, संडास, अंगण निघतं. कुंड्यांना मात्र घालू नका, क्षारांनी माती पांढरी पडते. पिंप नेहमीपेक्षा लवकर भरायला लागलं आणि पिण्याची टाकी उशिरा, तर ते मेम्ब्रेन चोंदल्याचं लक्षण आहे. हे निदान फुकटात होतं.

८. तारीख पाळली तरच स्वस्त

कंपनीचा उत्तम कार्बन दीड-दोन वर्षं तसाच ठेवला तर त्यातच जंतूंची वस्ती होते, कारण क्लोरिन तिथंच संपलेलं असतं. त्यापेक्षा निम्म्या किमतीचा, पण दर सहा महिन्यांनी बदललेला फिल्टर केव्हाही बरा. वेळापत्रक कंपनीच्या पुस्तिकेचं नको, आपल्या पाण्याचं हवं. माझं साधारण असं आहे: स्पन दोन-तीन महिन्यांनी, पावसाळ्यात त्याहून लवकर. कार्बन सहा महिन्यांनी. यूव्ही दिवा वर्षानं. मेम्ब्रेन मीटर सांगेल तेव्हा. बसवल्याची तारीख प्रत्येक फिल्टरवर मार्करनं लिहायची आणि बिल कपाटाच्या दाराच्या आत चिकटवायचं. मेकॅनिक बदलला तरी इतिहास राहतो.

वर्षाच्या कराराचे पैसे आणि हा सगळा खर्च शेजारी शेजारी मांडला तर माझा खर्च जवळपास निम्म्यावर येतो, मेम्ब्रेन चांगला घेऊनसुद्धा. पण ही बचत ज्याला मोजायची आणि लिहून ठेवायची सवय आहे त्याचीच. ती नसेल तर करार घ्यावा, त्यात कमीपणा नाही. माझा निकाल एवढाच: ज्या फिल्टरचा बिघाड डोळ्यांना दिसतो तो लोकल घ्या, ज्याचा दिसत नाही तो पारखून आणि पक्क्या बिलावर घ्या. सुरुवात करायची असेल तर उद्या पाणी सुटेल तेव्हा नळाचा आणि मशीनचा टीडीएस मोजून दोन्ही आकडे तारखेसह लिहून ठेवा.