ब्रिजच्या खेळातील दंडाचा डबल

आपल्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात १९४२ साली जे बारा राष्ट्रीय पुढारी बंदिवान होते, त्यांत सरदार वल्लभभाई पटेल हे एक होते. वकिलीच्या दिवसांत अमदावादच्या गुजरात क्लबात ते ब्रिज खेळत असत; १९१६ साली गांधीजी त्या क्लबात आले, तेव्हाही ते पत्त्यांच्या मेजावरच होते. अशा करारी बुद्धीस रिझविणाऱ्या या खेळातील एका प्रश्नाचा आज विचार करू. पैसे लावण्याचा येथे संबंध नाही. प्रश्न केवळ हिशेबाचा व संयमाचा आहे.

मेंढीकोटाप्रमाणे ब्रिजमध्येही समोरासमोरचे दोघे परस्परांचे भिडू असतात. आरंभी बोली होते. ‘दोन बदाम’ या बोलीचा अर्थ असा की, बदाम हुकूम मानून सहाच्या वर दोन, म्हणजे आठ हात करीन. ते होणार नाहीत असे वाटल्यास प्रतिपक्ष ‘डबल’ म्हणतो. बोली बुडाली तर दंड वाढतो. परंतु ती पुरी झाली तर बोली करणाऱ्याचाच लाभ वाढतो.

आता हिशेब पाहा. स्पर्धेत कोणता पक्ष व्हल्नरेबल, म्हणजे अधिक दंडास व अधिक बक्षिसास पात्र, हे प्रत्येक डावापूर्वीच ठरलेले असते. अशा पक्षाने ‘दोन बदाम’ पुरे केल्यास त्यास ११० गुण मिळतात. डबल असल्यास ६७०, कारण हातांचे गुण ६० चे १२० होऊन गेमचे ५०० चे बक्षीस पदरात पडते. एक हात कमी पडल्यास दंड १०० असतो, डबलने २०० होतो. म्हणजे पाच वेळा अचूक डबल करून प्रत्येकी १०० जादा मिळविले, आणि सहाव्या वेळी चुकलो, तर नफा ५०० व तोटा ५६०! मात्र दोन हात कमी पडल्यास दंड २०० ऐवजी ५०० होतो. यास्तव बोली निदान दोन हातांनी बुडेल अशी आशा असेल तेव्हाच असा डबल करावा.

ही आशा कशावरून धरावी? समजा, भिडूने ‘एक इस्पिक’ म्हटले व उजवीकडील प्रतिपक्ष्याने ‘दोन बदाम’. आपल्यापाशी इस्पिकची केवळ सत्ती. बदामचे राजा, गुलाम, नव्वी व चव्वी. चौकटच्या एक्क्यासह चार पाने. आणि किलवरच्या राजासह चार पाने आहेत. आपण बोलीवाल्याच्या मागे खेळतो, म्हणून हुकुमाचे दोन हात, एक्का व राजा मिळून चार हातांची आशा आहे. भिडूचे तीन धरले तर सात. त्यास उरतात सहा: दोन हात कमी, दंड ५००.

याउलट, इस्पिकची चार पाने व बदामचे एकच पान असते, तर तितक्याच चित्रांवर डबल करणे चूक ठरते. भिडूची इस्पिकची मोठी पाने हुकमाने कापली जातील. तेथे भिडूची बोली वाढविणेच उत्तम. सारांश, डबलचा आधार मोठी पाने नव्हेत. हुकुमाची लांबी आणि भिडूच्या रंगातील आखूडपणा हा होय. उतारीही बहुधा हुकुमाचीच करावी, म्हणजे प्रतिपक्षास कापण्यास हुकूम उरत नाहीत.

आणखी एक गोष्ट. १९५७ साली आल्विन रॉथ व टोबायस स्टोन या अमेरिकन खेळाडूंनी अशा स्थळी डबलचा अर्थच पालटला: ‘भिडू, न बोललेले रंग मजपाशी आहेत.’ आज पुष्कळ खेळाडू हीच रीत पाळतात. त्यांनी वरील पाने हाती आल्यावर मौन धरावे. भिडूने डबल म्हटल्यास पुन्हा मौन धरावे, की तोच दंडाचा डबल होतो. यास्तव खेळावयास बसण्यापूर्वीच भिडूशी संकेत ठरवावा.

प्रतिपक्षाने आपली बोली अडविली की राग येतो, आणि रागाच्या भरात डबल तोंडातून निघतो. अशा वेळी प्रथम आपले हात मोजावे, मगच बोलावे. अविचाराचा दंड एकट्यास होत नाही; समोर बसलेल्या भिडूसही तो भरावा लागतो.