चार नळ्यांची गोष्ट : मोटारीचे पॉवर स्टिअरिंग

जागेवर उभ्या असलेल्या मोटारीचे स्टिअरिंग इंजिन बंद असताना फिरवायला किती जोर लागतो, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण आडवे येते आणि दोन्ही हातांनी ओढूनही चाक जेमतेम हलते. इंजिन सुरू केले, की तेच चाक एका हाताने फिरू लागते. चालकाच्या मदतीला कोणीतरी आलेले असते. आजच्या बहुतेक नव्या मोटारींत हा मदतनीस म्हणजे विजेची मोटर असते. पण कित्येक दशके हे काम दाबाखालच्या तेलाने केले.

फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ साली तेलाच्या दाबावर चालणारे असे स्टिअरिंग मोटारीत बसवून दाखविले. विक्रीच्या मोटारीत ते येण्यास मात्र १९५१ साल उजाडले. त्या वर्षी ते क्रायस्लर कंपनीच्या ‘इम्पीरियल’ मोटारीत मिळू लागले.

काही काळापूर्वी मला एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. तो अमेरिकेत जुन्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका लहान कारखान्यात काम करतो. त्याच्याकडे १९६६ सालची फोर्ड ‘मस्टँग’ आली होती. तिच्या पॉवर स्टिअरिंगचे रबरी होज कुजले होते, म्हणून सगळे नवे करून बसविले. पुढची चाके जॅकवर उचलली आणि इंजिन सुरू केले. स्टिअरिंगला कोणाचाही हात लागलेला नसताना ते गर्रकन फिरून एका टोकाला जाऊन आदळले. खाली वाकून गळती पाहणाऱ्या सोबत्याची बोटे जेमतेम वाचली. त्याने लिहिले होते, “सर, पंप ठीक, झडप ठीक, तेल स्वच्छ. मग गाडीत भूत शिरले की काय?”

भूत शिरले नव्हते. दोन नळ्यांची अदलाबदल झाली होती. एवढ्याशा चुकीने एवढा गोंधळ का व्हावा, हे समजण्यासाठी या यंत्रणेची रचना पाहू.

तेलाचा प्रवास

या मोटारीच्या स्टिअरिंगमध्ये चार मुख्य भाग आहेत. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप हा पहिला. स्टिअरिंगच्या खालच्या टोकाशी असलेला आखूड दांडा, म्हणजे भुजा, हा दुसरा. तिसरा भाग झडपेचा. ती दोन्ही पुढच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या जोडदांड्यावर बसविलेली असते. चौथा भाग म्हणजे दट्ट्या असलेला सिलिंडर. त्याचे एक टोक मोटारीच्या चौकटीला आणि दुसरे जोडदांड्याला पक्के केलेले असते.

यांना जोडणाऱ्या नळ्या चार. एक पंपाकडून झडपेकडे दाबाखालचे तेल आणते. दुसरी ते पंपाकडे परत नेते. उरलेल्या दोन झडपेपासून सिलिंडरकडे जातात, दट्ट्याच्या प्रत्येक बाजूला एक.

पास्कलचा नियम तुम्ही शिकला आहात : बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. समजा, तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ७० किलोग्रॅम आहे आणि दट्ट्याचे क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटर आहे. मग दट्ट्यावरचे बल ७० × ५ = ३५० किलोग्रॅम-भार होईल. मनगटाएवढ्या सिलिंडरातून चार-पाच माणसांच्या वजनाइतके बल मिळते! इतके मोठे बल कोणत्या दिशेने लावायचे, हे ठरविते ती झडप.

झडपेचे शहाणपण

झडपेच्या आत एक सरकता भाग असतो. तो भुजेला जोडलेला असतो. झडपेचे बाहेरचे अंग जोडदांड्याला. चालकाने स्टिअरिंग डावीकडे फिरविले, की भुजेबरोबर सरकता भाग अंगाच्या तुलनेत किंचित सरकतो. त्याने तेलाची एक वाट उघडते. तेल सिलिंडरात शिरते आणि जोडदांड्याला चालकाला हव्या त्याच दिशेने ढकलते.

आता गंमत पाहा. जोडदांडा सरकला, की त्यावर बसलेले झडपेचे अंगही सरकते आणि पुढे गेलेल्या सरकत्या भागाला गाठते. गाठले, की वाट बंद. मदत हवी तेवढीच मिळाली आणि थांबली. चालकाने आणखी फिरविले, तर पुन्हा तोच क्रम. उत्तर येताच प्रश्न मिटतो. अशा रचनेला ऋण फीडबॅक म्हणतात. पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा पाणी वर आले की तोटी बंद करतो, तेही याच तत्त्वाने.

आता सिलिंडरकडे जाणाऱ्या दोन नळ्यांची अदलाबदल करू. सरकता भाग केसभर डावीकडे सरकला. पण तेल दट्ट्याच्या चुकीच्या बाजूला गेले आणि जोडदांडा उजवीकडे ढकलला गेला. त्याबरोबर झडपेचे अंगही उजवीकडे गेले. दोघांमधले अंतर मिटण्याऐवजी वाढले. अंतर वाढले म्हणून वाट अधिक उघडली. वाट उघडली म्हणून धक्का वाढला. हा झाला धन फीडबॅक. दट्ट्या टोकाला जाऊन आदळेपर्यंत तो थांबत नाही. झडप अगदी मध्यावर कधीच नसते, त्यामुळे सुरुवातीला कोणाचा हात लागण्याचीही गरज नाही.

पंप तोच, तेल तेच, नियमही पास्कलचाच. फक्त चिन्ह बदलले आणि मदतनीस वैरी झाला.

नळी ताणून का बसवू नये?

चारही नळ्या योग्य तोंडांना जोडल्या, तरी काम संपत नाही. त्या कोणत्या वाटेने न्यायच्या, हेही पाहावे लागते.

दाबाच्या नळीत रबराच्या थरांमध्ये धाग्यांची तिरकी वीण असते. ही वीण कोणत्या कोनात असावी? नळीचा आतील व्यास १ सेंटिमीटर आणि दाब पूर्वीचाच ७० धरा. टोकाचे क्षेत्रफळ ०.७८५ चौरस सेंटिमीटर, म्हणून नळीला लांबीच्या दिशेने ताणणारे बल सुमारे ५५ किलोग्रॅम. ते ३.१४ सेंटिमीटर परिघावर वाटले जाते. दर सेंटिमीटरला १७.५ किलोग्रॅम. आता १ सेंटिमीटर लांबीचा तुकडा घेऊन तो उभा दुभागल्याची कल्पना करा. दोन अर्धांना दूर ढकलणारे बल ७० किलोग्रॅम. ते दोन बाजूंच्या भिंती पेलतात. दर भिंतीवर ३५. म्हणजे नळीवरचा आडवा ताण उभ्या ताणाच्या बरोबर दुप्पट!

हे दोन्ही ताण धाग्यांनी नेमके पेलायचे, तर धागा आणि नळीचा अक्ष यांच्यातील कोनाच्या टॅन्जंटचा वर्ग २ असावा लागतो. हा कोन सुमारे ५४ अंश ४४ मिनिटे येतो. वीण यापेक्षा कमी कोनाची असेल, तर दाबाखाली नळी फुगते आणि आखडते. जास्त कोनाची असेल, तर लांबते. प्रत्यक्षात वीण थोडी इकडेतिकडे असतेच. दाबाखाली नळी दोन टक्के लांबू शकते किंवा चार टक्के आखडू शकते, असे धरून चालतात. ६० सेंटिमीटरची नळी चार टक्के आखडली, तर जवळजवळ अडीच सेंटिमीटर कमी झाली. ताणून बसविली असेल, तर ती सांध्यातून निसटू पाहील.

शिवाय झडप जोडदांड्याबरोबर सतत डावी-उजवीकडे जाते आणि रबरी आधारांवर बसलेले इंजिनही हलते. म्हणून नळीला पुरेशी सैल लांबी द्यावी आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ती कोठे ताणत वा घासत नाही ना, ते पाहावे.

नळीला पीळही पडू देऊ नये. पीळ पडला, की विणीचा कोन बिघडतो आणि दाबाखाली नळी उलगडू पाहून सांधा सैल करते. पुष्कळ नळ्यांवर लांबीच्या दिशेने एक रेघ छापलेली असते. ती सरळ दिसली, तर पीळ नाही. सांध्यापाशी नळी लगेच वाकवू नये. थोडी सरळ जाऊ देऊन मग मोठे वळण द्यावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इंजिनाच्या जळक्या वायूंच्या नळीपासून होज दूर ठेवावा. ती काही शे अंश तापते. तिच्या आचेने रबर कडक होऊन चिरते. चिरेतून उडालेला तेलाचा फवारा तापलेल्या नळीवर पडला, तर पेट घेऊ शकतो. आणि गळती कधीही हाताने चाचपू नये. दाबाखालची बारीक धार कातडीतून आत घुसू शकते. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा.

करून पाहा

बुटाची पोकळ विणीची नाडी घ्या. ओढली, की ती बारीक होते. दोन्ही टोकांनी आत ढकलली, की जाड आणि आखूड होते. दोन्ही वेळा धाग्यांच्या तिरकेपणाकडे लक्ष द्या. विणीचा कोन बदलल्याने काय होते, ते डोळ्यांना दिसेल.

आणि एक प्रश्न : चालत्या मोटारीचे इंजिन अचानक बंद पडले आणि पंप थांबला, तर ही मोटार वळविता येईल का? भुजा आणि झडप यांचा सांधा आठवून उत्तर शोधा.

माझ्या विद्यार्थ्याला मी एवढेच कळविले, की इंजिन बंद ठेवून सिलिंडरच्या दोन नळ्या अदलून पाहा. पंधरा दिवसांनी त्याचे उत्तर आले : “सर, भूत गेले. आता नळ्या काढण्याआधी प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधतो आणि पहिल्यांदा इंजिन सुरू करताना गाडीखाली कोणालाही वाकू देत नाही.”

प्रयोगशाळेत विद्युत्‌मंडल जोडताना धन आणि ऋण टोकांवर खूण करा, असे आम्ही शिक्षक वारंवार का सांगतो, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल.