दोन मुठींवरचा ध्रुव

अगं, मायनरला खगोलशास्त्र घेऊ का, असं विचारलंस आणि लगेच ‘बाबा म्हणतात, त्यानं नोकरी लागते का’ हेही सांगून मोकळी झालीस. बाबांची काळजी खोटी नाही. म्हणून मेजर भौतिकशास्त्रच ठेव, गणित सोडू नकोस, खगोल जोडीला घे. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले तेही गणितच शिकायला. खोडद परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत ना, तिथं कुणी डोळा लावून तारे बघत नाही. रेडिओ लहरी टिपल्या जातात, त्यांचे आकडे होतात आणि ते उलगडायला प्रोग्रॅमिंग लागतं. पायथन आत्ताच शिकायला घे. उद्या खगोलात नाही गेलीस तरी ते वाया जात नाही, हे बाबांना सांग.

कॉलेजच्या यादीत विषयच नसला तर? तरी हिरमुसू नकोस. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था विद्यार्थ्यांसाठी सुट्टीत उपक्रम घेते, त्यांच्या तारखांवर नजर ठेव.

आणि आपल्या वावरातला अंधार पुण्या-मुंबईच्या मुलींच्या नशिबी नाही गं. चैत्रात रात्री उत्तरेकडे तोंड करून उभी राहा. हात ताठ लांब कर, मूठ आवळ. एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश. क्षितिजावर एकावर एक दोन मुठी रच, तिथंच ध्रुव सापडेल. कारण आपलं यवतमाळ 20 अंश अक्षांशाच्या जरा वर आहे. ध्रुवाची उंची म्हणजेच आपला अक्षांश. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा अंगावर काटा आला होता. भूगोलाच्या पुस्तकातला आकडा माझ्या मुठीत होता!

आपल्या जिल्ह्यातलं आणखी एक. कोलाम आणि बंजारा लोकांना आकाश कसं दिसतं, यावर मयंक वाहिया, गणेश हलकारे आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये शोधनिबंध लिहिला. त्याआधी त्यांनी गोंडांचं आकाश नोंदवलं होतं: सप्तर्षींचे चार तारे म्हणजे खाट आणि मागचे तीन चोर. हेही खगोलशास्त्रच, आणि त्याला दुर्बीण लागत नाही. बंजाऱ्यांच्या तांड्यावर, कोलामांच्या पोडावर जाऊन म्हाताऱ्या माणसांशी बोलावं लागतं. ती माणसं आता थोडी उरलीत.

तेव्हा फॉर्म भर. आणि उन्हाळ्यात घरी येशील तेव्हा कोरी वही घेऊन ये, आपण दोघी पोडावर जाऊ.