सात दिवसांचे चर

प्रश्न : माझी मुलगी राष्ट्रीय सेवा योजनेत आहे. शिबिरात गायरानावर चर खणणार आहेत. सात दिवसांत काही साधतं का?

उत्तर : नक्की साधतं, पण आखणी चुकली तर सगळी मेहनत पाण्यात. चर उताराला आडवे, एका पातळीत हवेत. तीन काठ्या, दोरी आणि दगड, एवढ्यात ‘ए’ आकाराची चौकट होते. दगड बांधून लोंबती सोडलेली दोरी आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय समपातळीत. माती खालच्या अंगाला, काठापासून वीतभर सोडून टाकावी. नाहीतर पहिल्याच पावसात ती चरात परत येते. योजनेत वर्षाला १२० तास काम असतं. त्यातले थोडे जुलैसाठी राखाच. तेव्हा फुटलेली जागा दिसते, मातीवर गवताचं बी धरतं.