खांबामागची भोवऱ्यांची रांग

तोझाई लाइनने पूर्वेकडे येताना मिनामी-सुनामाची सुटलं की गाडी बोगद्यातून बाहेर येते, आराकावा नदी ओलांडते आणि एदोगावातलं निशी-कासाई येतं. पुढच्या वेळी नदीकाठी फिरायला गेलात तर पाण्यात रोवलेल्या एखाद्या बांबूमागे बघा. पाणी तिथे सरळ वाहत नाही. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे भोवरे सुटत जातात. भरतीचं पाणी वर चढत असेल तर ते बांबूच्या दुसऱ्या बाजूला दिसतील.

असं का होतं? शाळेत जिला आपण वृत्तचिती म्हणायचो, तिच्या पृष्ठभागालगतचं पाणी घर्षणाने मंदावतं. मागच्या बाजूला दाब वाढत जातो. मंदावलेल्या पाण्याला त्याविरुद्ध जाता येत नाही, म्हणून ते पृष्ठभाग सोडतं आणि गुंडाळलं जातं. एका बाजूचा भोवरा मोठा झाला की तो समोरच्या बाजूचं पाणी ओढून घेतो. त्यामुळे त्याचाच पुरवठा तुटतो आणि तो वाहून जातो. मग दुसऱ्या बाजूची पाळी. या रांगेचं गणित थिओडोर फॉन कारमान यांनी 1911 च्या सुमारास मांडलं.

भोवरे किती वेळाने सुटतात? त्याआधी 1878 मध्ये स्ट्रौहाल यांनी वाऱ्यात गुणगुणणाऱ्या तारांचा अभ्यास केला होता. त्यातून आलेलं सोपं सूत्र असं:

वारंवारता ≈ 0.2 × वेग ÷ व्यास

10 सेंटीमीटरचा बांबू आणि सेकंदाला अर्धा मीटर प्रवाह असेल, तर सेकंदाला भोवऱ्यांची एक जोडी. 3 मिलिमीटरची तार आणि सेकंदाला 6 मीटर वारा असेल, तर 400 हर्ट्झ, म्हणजे ऐकू येणारा सूर.

प्रत्येक भोवरा सुटताना खांबाला झटका बसतो. झटक्यांची वारंवारता खांबाच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळली तर कंपनं वाढतात. पण भोवरे नेहमी आळीपाळीनेच सुटतात असंही नाही. 8 डिसेंबर 1995 रोजी फुकुई प्रांतातल्या मोंजू अणुभट्टीत द्रवरूप सोडियमच्या नळातली तापमापकाची नळी तुटली. रचना करताना आडव्या झटक्यांचा विचार झाला होता. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंचे भोवरे एकदम सुटत होते आणि नळी प्रवाहाच्या दिशेने पुढे-मागे थरथरत होती. जाडी जिथे एकदम कमी होत होती, तिथेच ती तुटली. गळलेलं सोडियम हवेत पेटलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

घरी करून बघा: परातीत पाणी घ्या, वर मिरपूड भुरभुरा आणि एक चॉपस्टिक उभी धरून सरळ ओढा. भोवरे दिसतील.

आता प्रश्न: काडी दुप्पट जाड घेतली आणि वेगही दुप्पट केला, तर वारंवारता किती बदलेल?