जुन्या मोटारीचा तडकलेला डॅशबोर्ड

घोडागाडीच्या काळी, घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून त्याच्या पायांपुढे एक आडवी फळी बसवीत. तिला इंग्रजीत डॅशबोर्ड म्हणत. घोडे गेले, नाव तेवढे उरले. वेगमापक, दिव्यांची बटणे व इतर मापके ज्या फलकावर बसविलेली असतात त्याला आज आपण डॅशबोर्ड म्हणतो. ‘दर्शनी फलक’ असा प्रतिशब्द योजता आला असता; परंतु गॅरेजमध्ये तो कोणालाही कळणार नाही, म्हणून रूढ शब्दच येथे ठेवला आहे.

प्रारंभी हा फलक लाकडाचा वा पोलादी पत्र्याचा असे. अपघातात प्रवाशाचे डोके नेमके त्याच्यावर आदळे. १९६५ साली राल्फ नेडर यांच्या पुस्तकाने अमेरिकेत या प्रश्नाकडे सर्वांचे लक्ष वेधले, १९६६ साली मोटार-सुरक्षिततेचा कायदा संमत झाला आणि १ जानेवारी १९६८ पासून गाडीच्या अंतर्भागासंबंधीचे मानक लागू झाले. ६.८ किलोग्रॅम वजनाचे कृत्रिम डोके ताशी २४ किलोमीटर वेगाने फलकावर आदळले असता त्याला बसणारा अवरोध गुरुत्वीय त्वरणाच्या ८० पटींहून अधिक, सलग ३ मिलिसेकंदांपेक्षा जास्त काळ राहता कामा नये, अशी ती कसोटी होती.

इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या लहान उघड्या गाडीवर याचा परिणाम स्पष्ट दिसतो. मुळात तिचा फलक सुरकुतलेल्या काळ्या रंगाच्या पत्र्याचा होता. अमेरिकेसाठी १९६८ च्या नमुन्यात त्याजागी जाड, फुगीर, गादीसारखा फलक आला. त्यात सामानाचा खण नाहीसा झाला. शौकिनांनी या फलकाला ‘अ‍ॅबिंग्डनची उशी’ असे नाव ठेवले, ते काही कौतुकाने नव्हे! आज या गाड्या जतन करणाऱ्यांपुढील एक मोठी अडचण म्हणजे हीच उशी. कारण ती तडकते.

तिची रचना तीन थरांची असते. आत पोलादी सांगाडा, त्यावर पॉलियुरेथेन फोम आणि वरून पीव्हीसीचे, म्हणजे आपण ज्याला रेक्झिन म्हणतो त्या जातीचे आवरण. शुद्ध पीव्हीसी कठीण असते. त्यात तेलासारखे एक द्रव्य मिसळून ते मऊ केले जाते. हे द्रव्य पीव्हीसीशी रासायनिक रीत्या बांधलेले नसते, त्यामुळे उष्णतेने ते हळूहळू बाहेर पडते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या काचेवर आतून जो चिकट धुरकट पापुद्रा जमतो, त्यात या द्रव्याचा मोठा वाटा असतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅरिझोनातील एका अभ्यासात, कडक उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डांचे सरासरी तापमान सुमारे ६९ अंश सेल्सिअस आढळले. अशा भट्टीत वर्षानुवर्षे तापल्यावर आवरण ताठर होते व आकसते. सांगाडा मात्र आकसत नाही. ताण वाढत जातो आणि मापकांच्या भोकांच्या कडांपासून भेगा फुटतात.

भेगा झाकण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे वरून तयार प्लॅस्टिकचे कवच चिकटविणे. दुरून ते बरे दिसते, एवढेच. दुसरा उपाय संपूर्ण नवे आवरण चढविण्याचा. त्यासाठी फलक गाडीतून बाहेर काढावाच लागतो. प्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी आणि प्रत्येक वायरीला खूणचिठ्ठी बांधावी. वरच्या कडेच्या चाक्या खालून सोडवाव्या लागतात. तेथे हात जेमतेम पोचतो, म्हणून घाई करू नये.

यापुढची पायरी निर्णायक आहे. भेगेच्या उचललेल्या कडा कापून ती इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी रुंद करतात आणि पोकळी भरतात. येथे पत्र्याच्या कामाची कडक लांबी वापरण्याचा मोह अनेकांना होतो. ती घासायला सोपी आणि स्वस्त असते. परंतु तिने दोन गोष्टी बिघडतात. उन्हाने फोम हलतो, लांबी हलत नाही, आणि त्याच रेषेवर नवी भेग पडते. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की डोके वाचविण्यासाठी जी गादी निर्माण झाली तिच्यातच आपण दगड भरून ठेवतो. म्हणून पॉलियुरेथेनचा फोम व त्यावर लवचिक पूरक द्रव्यच भरावे. हे काम मोकळ्या हवेत करावे, कारण फोमच्या घटकांतील आयसोसायनेटे श्वसनाला अपायकारक असतात.

पृष्ठभाग घासण्याआधी तो नीट धुतला पाहिजे. मालकांनी वर्षानुवर्षे चोपडलेल्या चकाकीच्या द्रव्यांत सिलिकोन असते आणि त्यावर कोणताही चिकटपदार्थ धरत नाही. चिकटपदार्थही उष्णता सोसणारा हवा. साधा असेल तर पहिल्याच उन्हाळ्यात आवरण खोलगट जागी उचलले जाते. नवे रेक्झिन विणलेल्या अस्तराचे, चारही दिशांना ताणले जाणारे निवडावे. दोन्ही पृष्ठभागांना चिकटपदार्थ लावून तो बोटाला लागेनासा झाल्यावर मध्यापासून कडांकडे दाबत जावे. मापकांवरील छज्जाच्या खोलगट भागात आधी बसवावे, उंचवट्यावर मागाहून. उलट केल्यास रेक्झिन खोलगट जागी तंबूसारखे ताणून राहते. हीट गनने ते मऊ होते, परंतु बंदूक एका जागी धरल्यास त्यावरील कातड्यासारखी नक्षी विरघळून चकचकीत डाग पडतो. तो पुन्हा जात नाही.

भोकांच्या जागी रेक्झिन एकदम गोल कापू नये. मध्यापासून कडेकडे चांदणीसारखे छेद द्यावेत आणि पाकळ्या आत दुमडून चिकटवाव्यात. जुन्या आवरणावरच नवे चढविले असेल तर भोके जाडीमुळे किंचित लहान होतात व वेगमापक आत जात नाही; अशा वेळी कडेचे जुने आवरण आधीच तासून ठेवावे लागते. जुने आवरण उतरविले असेल, तर त्याचे तुकडे काम संपेपर्यंत जपून ठेवावेत. एखादे स्क्रूचे भोक नव्या आवरणाखाली दडून जाते आणि ते नेमके कोठे होते, हे त्या तुकड्यावरूनच कळते.