येरळवाडीच्या पाण्यात कोणते इंजिन?

प्रश्न : येरळवाडी तलावात मासेमारीसाठी माझी बारा फुटी होडी आहे. हवेने थंड होणारे छोटे इंजिन आमच्याकडच्या उन्हाळ्यात तापून बंद पडेल का?
– एक वाचक, औंध (जि. सातारा)

उत्तर : उन्हाची धास्ती नको. शेतातला पेट्रोलवरचा फवारणी पंपही हवेवरच थंड होतो. उलट पाणी ओढणाऱ्या इंजिनाची जाळी उथळ पाण्यात गाळ-शेवाळाने तुंबते. फक्त सिलिंडरवरच्या पत्र्यांमधली धूळ-तेलकट घाण ब्रशने काढत राहा. दोन-अडीच अश्वशक्ती पुरे. फोर-स्ट्रोकच घ्या, पेट्रोलमध्ये तेल मिसळायची कटकट नाही. होडीची मागची फळी 15 इंचांच्या आसपास असेल तर आखूड शाफ्ट. आवाज मात्र मोठा असतो; हिवाळ्यात रोहित पक्षी उतरले की त्यांच्या बाजूला कृपया वल्हीच मारा. खरेदीआधी जलसंपदा विभागाकडे परवानगीची चौकशी करा. लाइफ जॅकेटशिवाय इंजिन सुरू करू नका.